द्वंद्वांचा समतोल

एकटी अशी कोणतीच गोष्ट मनुष्याला समजत नाहीं. उन्हाची झळ लागल्याखेरीज सावलीची किंमत कळत नाहीं, आणि ज्याचा दांत कधीं दुखला नाहीं त्याला दांत न दुखण्यांतलें सुख ठाऊक नसतें. आपल्या भाषेनें तर या जोड्या शब्दांतच बांधून टाकल्या आहेत: सुखदुःख, ऊनसावली, मानापमान, नफातोटा. व्याकरणांत अशा समासाला द्वंद्व म्हणतात. तत्त्वज्ञानांत आयुष्यांतल्या साऱ्या विरोधी जोड्यांनाहि द्वंद्वच म्हणतात. आणि दोघांच्या झुंजीला तर द्वंद्व हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे. जोडी, समास आणि युद्ध या तिहींना एकच शब्द पुरतो, यांत आपल्या पूर्वजांचा कांहीं तरी अनुभव साठलेला असला पाहिजे.

या जोड्यांचा उपयोग करून शरीरमनाला विश्रांति देण्याची एक पद्धति अलीकडे आपल्या शिकलेल्या घरांतून चांगली रुजली आहे. तिचें सर्वांत परिचित रूप म्हणजे मुंगेरच्या बिहार योगविद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आणलेली योगनिद्रा. त्यांचें त्या नांवाचें पुस्तक १९७६ सालचें. नांवांत निद्रा असली तरी झोंपावयाचें नसतें. सतरंजीवर उताणें पडावें, डोळे मिटावे, आणि कोणी तरी संथ आवाजांत सांगत जाईल तिकडे लक्ष नेत जावें, एवढेंच. सांगणारा खोलींतच असतो, किंवा आतां बहुतेक घरीं मोबाइलमधल्या ध्वनिमुद्रणांत असतो. आरंभीं एक लहानसा संकल्प ज्याचा त्यानें मनांत तीनदां म्हणावयाचा. मग उजव्या हाताच्या आंगठ्यापासून निघून एकेका अवयवावरून लक्ष फिरवावयाचें. पूजेंतला न्यास ज्यांनीं लहानपणीं घरांत पाहिला आहे त्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. स्वामींनींहि आपली पद्धति तांत्रिक न्यासावरून घेतल्याचें सांगितलें आहे. नंतर श्वास उलट क्रमानें मोजावयाचे. आणि मग जोड्या येतात. अंग जड झालें आहे, इतकें जड कीं सतरंजींत रुतत आहे. आतां तें कापसासारखें हलकें झालें आहे. थंडी वाजत आहे. आतां उकडत आहे. पूर्वीं भोगलेली एखादी वेदना आठवा. आतां एखादें सुख आठवा. प्रत्येक अनुभव जागवावयाचा, क्षणभर धरावयाचा, सोडून द्यावयाचा, आणि लगेच त्याच्या उलट अनुभवाकडे वळावयाचें.

या जोड्या ज्या क्रमानें येतात तो क्रमहि पाहण्यासारखा आहे. जडपणा आणि हलकेपणा यांत मनाला कांहीं गमवावयाचें नसतें. थंडी आणि उष्णता यांत थोडें असतें. वेदना आणि सुख या जोडीपाशीं आल्यावर मात्र मन अडतें. हातांत आलेलें सुख सोडणें कठीण जातें हें कोणीहि कबूल करील. नवल असें कीं कित्येकांना वेदनाच सोडवत नाहीं. परंतु सरावानें ज्याला शब्द ऐकतांच शहारे येतात आणि शब्द ऐकतांच ऊब येते, त्याला हळूहळू कळूं लागतें कीं या दोहोंना पाहणारा कोणी तरी आपल्यांत आहे, आणि तो स्वतः थंडहि नाहीं, उष्णहि नाहीं. या पद्धतीचें सारें तत्त्वज्ञान या एका अनुभवांत आहे. पुस्तकें वाचून तो येत नाहीं. मी तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आलों आहें, म्हणून हें जरा अधिकारानें सांगतों.

हे सारे कल्पनेचे खेळ आहेत असें म्हणून ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. कोपर वांकवितांना दंडाच्या पुढचा स्नायु आंवळतो, त्याच क्षणीं मागचा सैल पडतो. दोन्ही एकदम आंवळले तर हात जागच्या जागीं ताठेल. मज्जासंस्थेंतली ही व्यवस्था चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं उलगडून दाखविली. मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठीं १९३२ सालचें नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालें. म्हणजे विरोधी जोडी ही आपल्या दंडांतच मुक्कामाला आहे. शिकागोच्या एडमंड जेकब्सन यानें १९२९ सालीं स्नायु क्रमाक्रमानें सैल करण्याची आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली. त्याचें म्हणणें साधें होतें: माणसाला आपण कोठें ताणलेले आहों हेंच माहीत नसतें. म्हणून आधीं मुद्दाम मूठ आंवळावी, तो ताण नीट ओळखून घ्यावा, आणि मग सोडावी. पुढें १९५८ सालीं जोसेफ वोल्पे यानें याच पायावर भीतीचा उपचार उभारला. भीति आणि शैथिल्य एकाच शरीरांत एकाच वेळीं नांदूं शकत नाहींत, तेव्हां एकाला घरांत घेतलें कीं दुसरीला जागा उरत नाहीं. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर केलेले शवासनाचे प्रयोग १९६९ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत कित्येकांचा दाब उतरला आणि कित्येकांचें औषध कमी करतां आलें. शवासनानें थकवा जातो व चित्ताला विसांवा मिळतो, हें तर हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशांत आहे.

मी स्वतः हा प्रयोग परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत नेमानें करतों. पंचवीस मिनिटांनीं उठल्यावर उत्तरपत्रिका सुधारलेल्या नसतात, परंतु तपासणारा थोडा सुधारलेला असतो. तेव्हां ही विद्या खरी आहे, तिला खर्च नाहीं, आणि बहुतेकांना ती मानवते. माझा प्रश्न निराळा आहे. जोड्यांची ही यादी कोठें थांबवावयाची?

दोनतीन वर्षांपूर्वीं अशाच एका सामुदायिक शिथिलीकरणाला मी गेलों होतों. सभागृहांत पन्नासएक माणसें पडलेलीं होतीं. सांगणाऱ्या गृहस्थांचा आवाज गोड होता. जड आणि हलकें झालें, थंड आणि उष्ण झालें, दुःख आणि सुख झालें, आणि मग त्याच संथ आवाजांत ते म्हणाले, "न्याय... आणि अन्याय." दोहोंकडे सारख्याच प्रेमानें पाहावें, दोन्ही एकाच लाटेचे चढउतार आहेत असें जाणावें, असें त्यांनीं सांगितलें. मीं डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलें. पंख्याच्या घरघरीशिवाय कांहीं ऐकूं येत नव्हतें. पन्नास शिकलेलीं माणसें न्याय आणि अन्याय यांचा समतोल साधीत शांतपणें पडलीं होतीं. दोनचार तर घोरत होतीं.

ज्याच्या नांवावर हें सारें चालतें त्या पतंजलीलाच विचारून पाहावें. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादांत शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस हीं तीन सूत्रें आसनाविषयीं आहेत. आसन स्थिर आणि सुखाचें असावें. प्रयत्न ढिला सोडल्यानें व अनंताशीं चित्त जुळल्यानें तें साधतें. आणि तें साधलें म्हणजे द्वंद्वांचा मार लागत नाहीं. द्वंद्वें म्हणजे कोणतीं? व्यासभाष्यानें उदाहरण दिलें आहे तें थंडी आणि उष्णता यांचें. आजच्या ध्वनिमुद्रणांतली जोडी ती हीच. आतां येथून पंधरा सूत्रें मागें जावें. तेथें यमनियमांच्या प्रकरणीं पतंजलि विरोधी जोडीचाच उपाय सांगतो, पण तो केवढा निराळा! हिंसा, असत्य, चोरी यांचे विचार मनाला छळूं लागले तर त्यांच्या प्रतिपक्षाची भावना करावी. हिंसेचा विचार आला असतां हिंसा आणि अहिंसा यांच्याकडे समदृष्टीनें पाहत पडून राहा, असें तो सांगत नाहीं. अहिंसेला हाताशीं धरून हिंसेला हुसकून लाव असें सांगतो. जोडी आहे, परंतु येथें तराजू नाहीं. एका बाजूला जाऊन उभें राहावयाचें आहे. आणि पुढच्याच सूत्रांत तो हिंसादि दोषांचे तीन प्रकार करतो: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि नुसती संमति दिलेले. या तिसऱ्या प्रकाराची आठवण वाचकांनीं थोडा वेळ ठेवावी.

एकाच ग्रंथकारानें एकाच पादांत विरोधी जोड्यांचे असे दोन उपयोग सांगावे आणि त्यांतला भेद समजावून देण्याचीहि तसदी घेऊं नये, याचा अर्थ तो भेद त्याला अगदीं उघड वाटत होता. थंडी माझ्यावर येऊन पडते. हिंसा माझ्या हातून घडते. पहिलीच्या बाबतींत मीं काय सोसावें हा प्रश्न आहे, दुसरीच्या बाबतींत मीं काय करावें हा. सोसण्याच्या शास्त्रांत शिकलेला समतोल करण्याच्या शास्त्रांत नेऊन ठेवला कीं तो गृहस्थ सभागृहांत जें बोलले तें बोललें जातें.

गीतेचें प्रकरण याहून नाजूक आहे, आणि समत्वाचा हवाला देणारे बहुधा गीतेचाच देतात. दुसऱ्या अध्यायांतल्या जोड्या शीत-उष्ण, सुख-दुःख, लाभ-हानि, जय-पराजय या; बाराव्या व चौदाव्यांत मान-अपमान, निंदा-स्तुति, शत्रु-मित्र, माती आणि सोनें. या सर्व जोड्या मनुष्याच्या वांट्याला येणाऱ्या गोष्टींच्या आहेत. पण कोणी म्हणेल, सहाव्या अध्यायांत साधु आणि पापी यांच्याविषयींहि समबुद्धि सांगितली आहे, आणि दुसऱ्यांत बुद्धियोगी सुकृत आणि दुष्कृत दोन्ही येथेंच टाकतो असें म्हटलें आहे. त्याची वाट काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळूं नये. सहाव्या अध्यायांतली समता माणसांविषयीं आहे. पापी मनुष्याकडे साधूइतक्याच निर्मळ बुद्धीनें पाहावें असें सांगणें निराळें, आणि पाप हें पुण्याइतकेंच बरें असें सांगणें निराळें. सुकृत-दुष्कृत टाकणें म्हणजे त्यांच्या फळांचें बंधन टाकणें, असाच अर्थ परंपरेनें केला आहे. शिवाय समदर्शनाचा इतका पुरस्कार करणाऱ्या या ग्रंथानें सोळावा अध्याय सबंध दैवी आणि आसुरी संपत्ति निवडून वेगळ्या काढण्यांत घालविला आहे, हें विसरून कसें चालेल? मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत टिळकांनीं याच जागीं बोट ठेवलें आहे: बुद्धि सम असली म्हणून सर्वांशीं वर्तन एकसारखेंच ठेवावें असें होत नाहीं, आणि दुष्टाचा प्रतिकार समबुद्धि न सोडतांहि करतां येतो.

पहिल्या अध्यायांतल्या अर्जुनाकडे आजच्या डॉक्टराच्या नजरेनें पाहावें. अंग कांपत आहे, तोंडाला कोरड पडली आहे, कातडीची आग होत आहे, हातांतलें धनुष्य निसटत आहे. शिथिलीकरणाला याहून योग्य रोगी मिळणार नाहीं. रथांतच पंचवीस मिनिटें आडवा पडता तर त्याचा कंप खास थांबला असता. पण आपल्याच माणसांवर शस्त्र धरावें कीं नाहीं हा त्याचा प्रश्न जसाच्या तसा राहिला असता. आणि कंप थांबल्यामुळें तो प्रश्नहि मिटला अशी त्याची समजूत झाली असती तर अधिकच वाईट. कृष्ण त्याच्याशीं पुढें सतरा अध्याय बोलत बसला तो याचसाठीं.

युरोपांत हा विवेक स्टोइक पंथानें फार स्वच्छ ठेवला होता. आरोग्य आणि रोग, संपत्ति आणि दारिद्र्य, कीर्ति आणि अपकीर्ति, इतकेंच काय जीवित आणि मरण, हीं सर्व त्यांनीं 'उदासीन' गोष्टींच्या वर्गांत घातलीं. सद्गुण आणि दुर्गुण हे दोनच त्या वर्गाबाहेर ठेवले. याच्या उलट पायथागोरसच्या अनुयायांची गोष्ट. ॲरिस्टॉटलनें आपल्या मेटॅफिझिक्स या ग्रंथांत त्यांचें एक कोष्टक नोंदून ठेवलें आहे. त्यांत विरोधी तत्त्वांच्या दहा जोड्या दोन रकान्यांत लिहिल्या आहेत: विषम आणि सम, उजवें आणि डावें, स्थिर आणि चल, सरळ आणि वांकडें, असें पुढें. वरवर पाहतां ही सृष्टीची निरुपद्रवी मांडणी दिसते. पण ज्या रकान्यांत प्रकाश आणि 'चांगलें' आहे त्याच रकान्यांत पुरुष आहे, आणि अंधार व 'वाईट' यांच्या रकान्यांत स्त्री आहे. जोड्यांचें कोष्टक पुढें आलें म्हणजे तें कोणी आंखलें, आणि आंखतांना आपल्याला कोणत्या रकान्यांत बसविलें, हें पाहण्याची संवय वाचकांनीं ठेवावी. स्त्रीवाचकांना हें सांगावयास नकोच.

शैथिल्याचा कैवार घेणारे यावर म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे, कीं थरथरणाऱ्या हातानें न्यायहि नीट होत नाहीं. आधीं मन शांत होऊं द्या, मग योग्यायोग्य त्याला आपोआप दिसेल. यांतला पहिला भाग मला मान्य आहे. 'आपोआप' हा शब्द मान्य नाहीं, आणि त्याला कारण एका जर्मन डॉक्टराचें चरित्र आहे.

योहानेस हाइनरिश शुल्ट्स यानें १९३२ सालीं, म्हणजे शेरिंग्टनला नोबेल मिळालें त्याच सालीं, आपली 'ऑटोजेनिक ट्रेनिंग' ही पद्धति ग्रंथरूपानें मांडली. मनुष्यानें स्वतःलाच हलके हलके सांगावयाचें: हातपाय जड होत आहेत, ते उबदार होत आहेत, हृदय शांत चाललें आहे, श्वास आपला आपण चालला आहे, पोटांत ऊब आहे, आणि कपाळ थंड आहे. अंगांत ऊब आणि डोकें थंड, हा समतोल कोणाला आवडणार नाहीं? आपल्या आयाहि मुलाला 'डोकें थंड ठेव' असेंच सांगतात. या पद्धतीनें त्या काळापासून आजपर्यंत असंख्य लोकांना झोंप दिली आहे. परंतु १९३६ सालीं नाझी राजवटींत बर्लिनला मानसोपचाराची जी अधिकृत संस्था निघाली, तिचा हा शुल्ट्स उपप्रमुख होता. प्रमुख होता तो हर्मान गोरिंगचा चुलतभाऊ मात्थियास गोरिंग. मतिमंद आणि असाध्य रोगी यांना जगण्यास नालायक ठरवून त्यांचा निकाल लावण्याच्या विचाराला शुल्ट्सनें उघड पाठिंबा दिला. समलिंगी पुरुषांना 'सुधारण्याच्या' त्या संस्थेच्या उद्योगांतहि तो होता. युद्ध संपल्यावर तो पूर्वीप्रमाणेंच प्रतिष्ठित डॉक्टर म्हणून राहिला आणि १९७० सालीं वारला. त्याची पद्धति यामुळें खोटी ठरते असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें पोरकटपणाचें होईल. मला दिसतें तें एवढेंच कीं ज्या मनुष्यानें जगाला डोकें थंड ठेवावयास शिकविलें, त्याला त्या थंड डोक्यांत योग्यायोग्य आपोआप दिसलें नाहीं. पतंजलीच्या तीन प्रकारांपैकीं निदान तिसऱ्यांत, संमति देणारांत, त्याला बसवावें लागतें. आणि संमति द्यावयाला अस्वस्थ मनापेक्षां स्वस्थ मनच अधिक सोयीचें असतें.

आणखी एक गोष्ट राहते: हा समतोल कोण कोणाला सांगतो. स्टोइक पंथाचे दोन मोठे आचार्य म्हणजे एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस. पहिला गुलाम म्हणून जन्मला, दुसरा रोमचा बादशहा. दोघांनींहि सुखदुःख समान मानावें असेंच सांगितलें. गुलामानें तें स्वतःला सांगितलें तेव्हां धन्याला जें हिसकून घेतां येणार नाहीं असें कांहीं तरी त्याला मिळालें. बादशहानें स्वतःला सांगितलें तेव्हां त्याच्या हातांतल्या सत्तेला थोडा लगाम बसला. पण तेंच वाक्य बादशहानें गुलामाला ऐकविलें तर? शब्द तेच राहतील, आणि उपदेशाचा हुकूम होईल. आपल्या घरांतून समत्वाचा उपदेश बहुधा कोणत्या दिशेनें वाहतो हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. चिडचिड करूं नकोस, मन शांत ठेव, जरा ध्यान करीत जा, असें ज्यांना सांगण्यांत येतें त्या व्यक्ती घरांत फारशा बदलत नाहींत.

आमच्याच इमारतींत एक बाई राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, बँकेंत नोकरी. सासरे चार वर्षांपासून अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेले. सासूबाई नाहींत. थोरले दीर ठाण्यास, धाकटे नाशकास, दोघेहि सुस्थितींत. परंतु वडिलांनीं 'आपल्या घरींच' राहावें असें दोघांचें प्रामाणिक मत. पहाटेचें अंग पुसणें, औषधें, बँक, संध्याकाळचें अंग पुसणें, रात्रीं दोनदां उठणें. बाईंची झोंप उडाली, दाब वाढला, आणि शब्दाशब्दाला खेंकसूं लागल्या. डॉक्टरांनीं गोळ्यांबरोबर योगनिद्रा सांगितली. धाकट्या दिरांनीं उत्साहानें ध्वनिमुद्रण पाठवून दिलें, आणि 'वहिनी, हें रोज ऐका, आम्ही दोघेहि ऐकतों' असें कळविलें. वहिनींनीं ऐकलें. महिन्याभरांत झोंप लागूं लागली, दाब उतरला, खेंकसणें थांबलें. घरांत सर्वांना बरें वाटलें. फोनवर दोन्ही दिरांनीं वहिनींच्या शांतपणाची तारीफ केली. आणि बाकीची व्यवस्था होती तशीच चालूं राहिली, किंबहुना पूर्वीं भांडण होईल या धास्तीनें थोरले दीर महिन्यांतून एक रविवार येऊन बसत, तेंहि बंद झालें.

या बाईंची झोंप खरी होती आणि ती त्यांच्या हक्काची होती. तिला नांवें ठेवण्याचा कोणाला अधिकार नाहीं. प्रश्न त्या दोन भावांचा आहे. वहिनींचें चिडणें ही या घरांत चाललेल्या अन्यायाची एकुलती एक घंटा होती, आणि ती ज्यांना ऐकूं यावयास हवी होती त्यांनीं ती मोठ्या प्रेमानें कापसांत गुंडाळून ठेवली.

मघांशीं मीं संकल्पाचा उल्लेख केला. या सगळ्या विधींत सांगणाऱ्याचा आवाज जेथें गप्प होतो अशी जागा तेवढी एकच आहे. तेथलें वाक्य ज्याचें त्यानें आणावयाचें असतें. बाईंचा संकल्प आरंभीं 'मी चिडणार नाहीं' असा होता. हें त्यांनीं माझ्या पत्नीला सांगितलेलें. कांहीं महिन्यांनीं एके दिवशीं जिन्यांत भेट झाली असतां त्या तिला म्हणाल्या, "वहिनी, मीं तें वाक्य बदललें." नवीन वाक्य कोणतें तें सांगितलें नाहीं, संकल्प सांगावयाचा नसतो. पुढच्या रविवारीं ठाण्याचे आणि नाशकाचे, दोघेहि दीर सपत्निक आलेले आम्हीं पाहिले. दार बंद होतें. कोणाचा आवाज चढलेला ऐकूं आला नाहीं. आतां सासऱ्यांसाठीं दिवसाची एक परिचारिका येते, तिचा पगार तिघे भाऊ वांटून देतात, आणि उन्हाळ्याचे दोन महिने म्हातारे ठाण्यास असतात. थोरले दीर अजून रुसलेले आहेत. ध्वनिमुद्रण बाई रोज रात्रीं ऐकतात.